बातमीतली विधवा, अग्रलेखातली विधवा

६ जानेवारी हा पत्रकार दिन. आमच्या बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावीही त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालतात, १८३२ च्या 'दर्पण'चे गुण गातात. गावेतच. मग पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' (१८४९), 'केसरी' (१८८१) अशी नावे येतात. मैत्रिणींनो, या यादीत बाई कुठे होती?

होती, बातमीत होती. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य झाली. तेवढे निमित्त साधून 'पुणे वैभव'ने समस्त बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतले. मूल एकट्या बाईला होत नाही, एवढे तरी त्या लेखणीला सुचायला हवे होते! बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या. त्यांचे उत्तर म्हणजे 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२ साली पुण्यातच छापलेले. वर्तमानपत्राला उत्तर द्यायला बाईला स्वतंत्र पुस्तक काढावे लागले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्यांची टवाळी झाली, तीही सत्यशोधक मंडळींकडून. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र आले नाही.

आता दुसरे नाव. 'दीनबंधु' कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केला. १८८० पासून तो नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवला, त्यांच्यामागे वासुदेवराव बिर्ज्यांनी. बिर्जे वारले आणि त्यांच्या पत्नी तानुबाई संपादक झाल्या. १९०८ ते १९१२ अग्रलेख त्यांचे! १८८१ मध्ये विधवा ही छापण्याची बातमी होती; सत्तावीस वर्षांनी एक विधवा काय छापायचे ते ठरवत होती. पत्रकार दिनाच्या भाषणात मी हे नाव आजवर ऐकलेले नाही.

कोणी म्हणेल, आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, पुण्या-मुंबईच्या तानुबाई आपल्या कशा? मग 'दर्पण' तरी कुठे बिलोलीत निघत होता?

तेव्हा येत्या ६ जानेवारीला तानुबाईंचे नाव घ्या, असे आम्ही तालुक्यातल्या वार्ताहर बंधूंना सांगणार आहोत. आणखी एक विचारणार आहोत. सासरी बाई जळून मेली की 'घरगुती कारणावरून' असे दोन शब्द छापून येतात. ते कोणाला विचारून लिहिता? तिच्या आईला कधी विचारले आहे का?