सातबाऱ्यावर कारभारणीचं नाव लागू द्या

शेतकरी बंधूंनो, नोकरदाराचा पगार एक तारखेला येतो, आपला माल वर्षातून एकदा. परभणी जिल्ह्यात सोयाबीन दसरा-दिवाळीला निघते, कापूस संक्रांतीपर्यंत वेचला जातो, मागून तूर येते. म्हणजे पैसा तीन-चार महिने, अन् खर्च बारा महिने. मृगाच्या तोंडावर हात रिकामा असतो. मग सोसायटीचं पीककर्ज, बी-खताची उधारी, आणि अगदीच अडलं तर सावकार. जिंतूर, गंगाखेडच्या माळावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचं तर सगळं गणित पावसावर.

पाऊस आपल्या हाती नाही. पण संसारात दुसरी एक धास्ती असते, ती आपणच घरात पाळलेली असते.

सोसायटीचं किती, बँकेचं नवं-जुनं केलेलं किती, हातउसने किती, हे घरधन्याच्या डोक्यात. कारभारीण निंदणी-वेचणीला बरोबरीनं राबते. पण देणं किती, असं तिनं विचारलं की ‘तुला काय करायचंय?’ म्हणून तोंड बंद. घरात भांडण होतं ते बहुतेक वेळा पैशावरून नव्हे, लपवाछपवीवरून. आणि धनी अचानक गेला, की घेणेकरी दारात आल्यावर तिला हिशेब कळतो. जमीन बहुधा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. पीककर्ज असो की शासनाची मदत, आधी वारसनोंद, फेरफार, मग पुढचं. दुःखाच्या दिवसांत तिनं हे हेलपाटे घालायचे.

यावरचा इलाज नवा नाही. 1986 साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपखुशीनं बायकोच्या नावे जमीन केली. 1992 साली शासनानंही लक्ष्मीमुक्ती योजना काढली. नवऱ्यानं स्वतः अर्ज दिला, की सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं.

काही जण विचारतात, ‘मग माझं काय राहिलं?’ अहो, सहहिस्सा म्हणजे जमीन दोघांची. अख्खी जमीन विकायची तर दोघांची सही लागते. घाईत किंवा दारूच्या भरात होणारा सौदा इथंच अडतो. यात धन्याचंही भलंच आहे.

तेव्हा एवढी चार कामं करा :

1. एका वहीत सगळं देणं-घेणं लिहा आणि दोघं मिळून वाचा.

2. मालाची पट्टी हाती आली की पुढच्या हंगामाचं बी-खत आणि घरखर्चाचे पैसे आधी दोघांच्या संयुक्त खात्यात टाका. लग्नकार्य, मोटारसायकल त्यानंतर.

3. बँकेत पंतप्रधान जीवनज्योती विमा (वर्षाला 436 रुपये, वय 18 ते 50) आणि सुरक्षा विमा (20 रुपये, वय 18 ते 70) दोघांचाही उतरवा. प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण मिळतं. सुरक्षा विमा मात्र फक्त अपघातासाठी. विम्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं. मे अखेर खात्यात शिल्लक नसली तर हप्ता कापला जात नाही अन् विमा बंद पडतो. नेमका तोच आपल्या तंगीचा महिना, हे ध्यानात ठेवा. वारसदार म्हणून कोणाचं नाव लिहिलंय, तेही पाहून घ्या.

4. लक्ष्मीमुक्तीचा अर्ज तलाठ्याकडे द्या.

तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींनाही विनंती आहे. ग्रामसभेत ही योजना वाचून दाखवा. अर्ज घेऊन आलेल्या जोडप्याला ‘उद्या या’ म्हणू नका.

पाडव्याला आपण सालगड्याचा हिशेब चुकता करतो. त्याच दिवशी कारभारणीजवळ बसून घराचाही हिशेब मांडा. पाऊस दगा देईल तेव्हा निदान घरातलं माणूस तरी अंधारात राहणार नाही.