पर्स सांभाळायला खाली कोण थांबणार?



यंदा संक्रांत झाल्यावर आम्ही चौघी चार दिवसांची एक ट्रिप करून आलो. मी, मोठ्या जाऊबाई, नणंदबाई आणि गाडी चालवायला पुतणी. मुरुमहून सोलापूर, तिथून पुणे, निगडी, खोपोली आणि परत. लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, दवाखाना नव्हता, तीर्थयात्राही नव्हती. वाटेत जिथे रोलर कोस्टर किंवा त्याच्या जातीचं काही असेल तिथे उतरायचं आणि बसायचं, एवढंच ठरवलं होतं. परत आल्यावर जे प्रश्न आले त्यातले बहुतेक बायकांकडूनच आले. पुरुषांनी फारसं काही विचारलं नाही, त्यांना आम्ही अक्कलकोटला गेलो असं वाटलं असावं.

माझं मत आधीच सांगून टाकते. पन्नाशी-साठीतल्या बायकांनी तब्येत धडधाकट असेल तर पाळण्यात, रोलर कोस्टरमध्ये बसावं आणि त्यासाठी मुद्दाम गाडी काढावी. सुरुवात मोठ्या नावाजलेल्या पार्कापासून नको, जत्रेपासून आणि छोट्या पार्कापासून करावी. आणि बसण्याआधी चारचौघांत तोंड उघडून चौकशी करावी. या तिसऱ्या गोष्टीसाठीच खरं तर लिहायला बसले आहे.

तुम्ही सहलीला गेलेलं कुठलंही कुटुंब आठवा. सगळे वर पाळण्यात, आणि खाली एक बाई उभी. तिच्या एका खांद्यावर तीन पर्सा, हातात पाण्याच्या बाटल्या, पायाशी सगळ्यांच्या चपला, मुठीत चष्मे आणि मोबाइल. वर बघून हात हलवायचा, फोटो काढायचे. तिला कुणी "बसू नको" म्हटलेलं नसतं. गंमत तीच आहे. कुणी मनाईच केलेली नसते, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी? ती थांबणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं, तिनेही. ती चालतं-बोलतं लॉकर असते, आणि लॉकरला भाडं तरी मिळतं.

सोलापूरला सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरतो, तो आपल्याकडच्या सगळ्यांना माहीत आहे. होम मैदानावरचा आकाशपाळणा लहानपणी कुणी पाहिला नाही असं घर आपल्या भागात विरळाच. तिथली मुलांची ड्रॅगनची आगगाडी हासुद्धा रोलर कोस्टरच, फक्त धाकटा. जाऊबाई अडुसष्टाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा आकाशपाळण्यात बसल्या. वर पोचल्यावर पाळणा थांबला तेव्हा त्या एकच वाक्य बोलल्या, "अगं, सोलापूर एवढं मोठं आहे होय!" पन्नास वर्षं त्या दरसाल सोलापूरला जात आल्या आहेत, कापड घ्यायला.

आता पैशाचं. "एवढे पैसे वर-खाली व्हायला?" असं मला तिघींनी विचारलं. मी कॉमर्सची पदवीधर आहे, चाळीस वर्षं घरचा जमाखर्च लिहिते आहे, तेव्हा हिशेबानेच उत्तर देते. मोठ्या पार्कात दारावर एकदाच भलं मोठं तिकीट काढायचं आणि आत कितीही वेळा बसायचं. तरुण मुलगी दिवसात पंधरा वेळा बसते, तिला ते परवडतं. साठीतली बाई दोनदा बसून सावली शोधते, तिला प्रत्येक फेरी किती रुपयांना पडली ते तुम्हीच भागाकार करून बघा. मग घरात हिशेब होतो, "ती कुठे बसणार आहे, उगाच तिकीट कशाला?" आणि ती पुन्हा पर्स सांभाळायला उभी. जत्रेत असं नसतं. बसाल तेवढेच पैसे. एक फेरी, एक तिकीट, पटलं नाही तर तिथेच थांबा. माझी भाची अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असते. ती सांगते, त्यांच्याकडे एलिसबर्ग गावाजवळ कनोबल्स नावाचं जुनं घरगुती पार्क आहे, तिथे आत यायला पैसेच पडत नाहीत, फक्त बसाल त्या पाळण्याचं तिकीट. आजी-आजोबा फुकट आत येतात, झाडाखाली बसतात आणि मन झालं की एक फेरी मारतात. तिथला लाकडी कोस्टर तर १९४८ सालचा टेक्सासमधला. मूळ पार्क बंद पडल्यावर तो सुटा करून, फळ्यांवर आकडे टाकून आणला आणि १९८५ मध्ये पुन्हा उभा केला. मोडीत न घालता जुनं लाकूड जोडून वापरणारी माणसं मला आवडतात.

आपल्याकडे मात्र मोडीतच जातं. दिल्लीचं अप्पूघर १९८४ मध्ये सुरू झालं, १९८२ च्या आशियाई खेळांतल्या अप्पू हत्तीच्या नावावरून. २००८ मध्ये बंद झालं. मुंबईचं गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ चं, बोटीने जावं लागायचं. आपल्यातल्या कितीजणी लग्नानंतर पहिल्यांदा मुंबई बघायला गेल्या तेव्हा तिथे जाऊन आल्या असतील. तेही २०२२ मध्ये बंद झालं. कोस्टरमध्ये एक माणूस बसवा की वीस, मोटारीचं आणि देखभालीचं बिल साधारण तेच येतं. रविवारच्या गर्दीवर आणि शाळांच्या सहलींवर हे धंदे तगतात, आणि मंगळवारी दुपारी रिकाम्या खुर्च्या फिरतात. मंगळवारी दुपारी मोकळं कोण असतं? आपण! शाळा नाही, दुकान नाही, रांग नाही. निगडीच्या अप्पूघरातला छोटा कोस्टर आम्ही आडवारी गाठला आणि पाठोपाठ दोनदा बसलो. नणंदबाई पहिल्या फेरीत डोळे मिटून होत्या, दुसऱ्या फेरीत त्यांनी उघडले.

हा पाळणा चालतो कसा, ते मला फार आवडलं, कारण तो चक्क जमाखर्च आहे. गाडीला इंजिन नसतं. सुरुवातीच्या चढावर साखळी तिला ओढून नेते, तेवढीच काय ती जमा. त्यानंतर सगळा खर्च. घासण्याने आणि वाऱ्याने थोडी गळतीही होत राहते. म्हणून पुढची कुठलीही टेकडी पहिलीपेक्षा उंच नसते, ठेवीपेक्षा जास्त रक्कम काढता येत नाही तसंच. चढताना जो टक-टक-टक आवाज येतो त्याने बायका घाबरतात. तो गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्याचा असतो, तेव्हा तो ऐकून उलट निश्चिंत व्हावं. चाकंही तीन जागी असतात. रुळावर, रुळाच्या बाजूला आणि रुळाच्या खाली. खालची चाकं गाडीला उडू देत नाहीत. त्यांचं पेटंट जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९१९ मध्ये घेतलं.

आणि मूळ कल्पना काही उनाडांची नव्हती. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला १८८४ मध्ये थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने पाच सेंटमध्ये फेरी अशी गाडी सुरू केली. धर्मशील माणूस, मोज्यांच्या धंद्यात कमावलेला. लोकांनी दारूच्या गुत्त्यात जाण्यापेक्षा चांगली करमणूक करावी अशी त्याची इच्छा. त्याची गाडी ताशी जेमतेम दहा किलोमीटरने जायची. आपल्या उसाच्या ट्रॅक्टरसारखी, तरी लोक रांगा लावायचे.

"भीती नाही वाटली?" हा दुसरा प्रश्न. वाटली की. पण आपल्या तालुक्यातल्या बाईने हा प्रश्न विचारावा याचं मला नवल वाटतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपण सगळ्या अंगणात उभ्या होतो, कडेवर मुलं घेऊन. पायाखालची जमीन हलते म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्यानंतर कित्येक रात्री आपण छताखाली झोपलो नाही. त्या भीतीला तिकीट नव्हतं, पट्टा नव्हता आणि ती कधी संपणार हे कुणी सांगू शकत नव्हतं. कोस्टरची भीती दोन मिनिटांत संपते आणि उतरल्यावर पाय थरथरत असताना हसू येतं. ती मी विकत घेतलेली असते. आयुष्यभर न मागता मिळालेल्या भीतीत काढलेल्या बाईने एकदा आपल्या मर्जीची भीती घेऊन बघावी, असं मला वाटतं.

पण विकत घेतलेली वस्तू तपासून घ्यायची असते. वाटेतल्या एका पार्कात, नाव लिहीत नाही, आम्ही कोस्टरमध्ये बसलो आणि माझ्या मांडीवरचा दांडा पूर्ण बसेना. दाबला की खाली जाई, सोडला की चार बोटं वर येई. मी चालवणाऱ्या मुलाला हाक मारली. तो लांबूनच म्हणाला, "काकू, काही होत नाही, घट्ट धरून बसा." मागच्या डब्यात कॉलेजची पोरं होती, ती ओरडू लागली, "आजी, चला ना!" मी उतरले. पुतणीलाही उतरवलं, आणि गाडी सोडू नको, आधी या डब्याचा दांडा बघ, असं त्या मुलाला मोठ्याने सांगितलं. त्याने तोंड वाकडं केलं, पण तो डबा रिकामा ठेवला. तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत. ते मी खर्चात टाकले आणि त्याबद्दल मला यत्किंचितही वाईट वाटत नाही.

अहमदाबादला कांकरियाच्या पार्कात जुलै २०१९ मध्ये झोपाळ्यासारखा मोठा पाळणा तुटून माणसं गेली. दिल्लीत एप्रिल २०२५ मध्ये एका पार्कातल्या रोलर कोस्टरवरून पडून चोवीस वर्षांची मुलगी गेली. लग्न ठरलेलं होतं तिचं. हे वाचून कुणी म्हणेल, "म्हणूनच आम्ही बसत नाही." पण तुम्ही बसत नाही, तुमच्या नाती तर बसतात! आणि तुम्ही खाली चपला सांभाळत उभ्या असता, वर दांडा बसला की नाही हे तुम्हाला दिसतही नाही. आपण दहा किलो तूर घेताना मूठभर हातावर पसरून खडे बघतो. दूध पातळ आलं तर गवळ्याला दारात उभं करतो. आणि पोरीच्या मांडीवरचा लोखंडी दांडा बसला का, एवढं विचारायला आपल्याला लाज वाटते, कारण लोक हसतील. हसू द्या. छोट्या पार्कात आणि जत्रेत चालवणारा माणूस हाताच्या अंतरावर असतो. त्याला विचारा, आज सकाळी रिकामी फेरी मारली का? पट्टा, दांडा ओढून बघतोस का? उत्तर द्यायला तो चिडला तर तेच उत्तर समजा. जत्रेतले पाळणे तर दर मुक्कामाला सुटे करून पुन्हा जोडतात, तिथे पहिल्याच संध्याकाळी बसण्याची घाई करू नये.

उलट बाजूही सांगते. खोपोलीजवळच्या इमॅजिकात जाऊबाईंना दारावरच्या मुलीने रक्तदाबाचं विचारलं, यांनी खरं सांगितलं, आणि तिने हात जोडून नको म्हटलं. जाऊबाई रुसल्या, पण मी त्या मुलीच्या बाजूने होते. रक्तदाब, हृदय, मणका, मान, नुकतं झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. तिथला नायट्रो हा २०१३ मध्ये आलेला मोठा कोस्टर आहे, त्यात पाय अधांतरी लोंबतात आणि माणूस पाच वेळा उलटा होतो. माझ्या मानेला ते झेपणारं नाही, म्हणून मी बसले नाही, पुतणी एकटी बसली. मी गोल्ड रश एक्सप्रेसमध्ये बसले. माझं मी ठरवून थांबणं वेगळं आणि सगळ्यांनी धरून चाललेलं म्हणून थांबणं वेगळं, हे कुणाला बारकं वाटेल, मला वाटत नाही. आणि पर्सा? त्या लॉकरमध्ये होत्या, भाडं भरून.

एकीने फोनवर विचारलं, "हे सगळं प्रमादातच मोडत नाही का?" मी म्हटलं, दुपारभर मालिका बघतो ते कशात मोडतं ते आधी सांग. ती हसली आणि विषय बदलला.

खाण्याचं मात्र नीट ठरवावं लागतं. पार्कात वडापाव आणि नूडल्स, दोन्हींत आपलं काही नाही. आम्ही दशम्या, बिनलसणाची शेंगाचटणी, खाकरे आणि गाळलेलं पाणी घरून घेतलं होतं. काही पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा डबे गाडीतच ठेवायचे आणि दुपारी बाहेर येऊन जेवायचं. हातावर शिक्का घेऊन परत आत सोडतात का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या. दिवस मावळायच्या आत जेवायचं तर साडेपाचला पार्क सोडावंच लागतं, आणि ते बरंच, कारण अंधारात हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात. साडीऐवजी पंजाबी ड्रेस, ओढणी घट्ट बांधलेली किंवा गाडीतच ठेवलेली, केसांना पिना नकोत, बांगड्या काचेच्या नकोत. मंगळसूत्र आत खोचायचं. भरपेट जेवून लगेच बसायचं नाही.

पुढच्या थंडीत हैदराबादला जायचं आहे. मुरुमहून हायवे सरळ आहे आणि तिथलं वंडरला २०१६ पासून सुरू आहे. जाऊबाई महिनाभर आधी रक्तदाब तपासून घेणार आहेत आणि मीठ कमी केलंय असं सांगतात, पापड मात्र सुटलेले नाहीत. गाडी सातजणींची ठरवतो आहोत, पाच झाल्या आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी दिवाळीच्या आत कळवा, आणि डॉक्टरांना विचारूनच कळवा.