तिसऱ्या महिन्यात एक प्रश्न विचारा

दर वर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर हा पंधरवडा पुरुष नसबंदीसाठी राखलेला असतो. पहिला आठवडा गावोगाव समजावण्याचा, दुसरा ऑपरेशनांचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात याच दिवसांत शेतं कापसाने पांढरी झालेली असतात. बायका वेचणीला, पुरुष गाठोडी उचलायला आणि गाडी भरायला, रात्री पुन्हा हरभऱ्याच्या पाण्याला. अशा दिवसांत आशाताई एखाद्या कोलाम आदिवासींच्या पोडावर (वाडीवर) किंवा मुकुटबन-पाटणकडच्या वस्तीत जाते आणि सांगते, पंधरा मिनिटांचं ऑपरेशन आहे, टाका नाही, दोन दिवसांत हिंडाल-फिराल. तिचं म्हणणं खरं आहे. समोरचा माणूस तरीही एवढंच विचारतो: कमजोरी तर येणार नाही ना? जड काम जमेल ना?

त्याला उत्तर मिळतं, काही होत नाही. माझा आक्षेप या उत्तराला आहे.

बिनटाक्याची नसबंदी ही चांगली शस्त्रक्रिया आहे, हे आधी स्वच्छ सांगतो. चीनमधल्या सिचुआन प्रांतात डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ साली ही पद्धत विकसित केली आणि नव्वदच्या दशकात ती आपल्याकडे आली. जागा बधिर करतात, एका बारीक छिद्रातून दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या बाहेर घेऊन कापतात, बांधतात. पोट उघडावं लागत नाही. अंगातली ताकद जात नाही, संबंधांत फरक पडत नाही, पुरुषी हार्मोन पहिल्यासारखंच तयार होत राहतं. बायकांच्या ऑपरेशनपेक्षा हे सोपं आणि सुरक्षित आहे. बहुतेक पुरुषांना आठ-पंधरा दिवसांनी त्याची आठवणही राहत नाही.

पण काहींचं दुखणं राहतं. अंडकोशात किंवा जांघेत ठणका, ओढ, जडपणा. कधी सतत, कधी वजन उचललं की, सायकल चालवली की, संबंधानंतर. तीन महिने उलटूनही ते थांबलं नाही आणि रोजच्या कामात आडवं येऊ लागलं, तर वैद्यकशास्त्र त्याला नसबंदीनंतरची जुनाट वेदना म्हणतं. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०१२ सालच्या मार्गदर्शक सूचनांत डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, की शंभरातल्या एक-दोघांना असा त्रास होतो आणि ऑपरेशनच्या आधी हे रुग्णाला सांगा. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०२० साली जे गणित मांडलं गेलं, त्यात हा आकडा पाच टक्क्यांपर्यंत गेला. त्याच गणितात आणखी एक गोष्ट दिसली. चिरा देऊन केलेल्या जुन्या पद्धतीत २४ टक्के पुरुषांनी नंतर दुखल्याचं सांगितलं, बिनटाक्याच्या पद्धतीत ७ टक्क्यांनी. म्हणजे आपल्याकडे जी पद्धत वापरतात तीच कमी त्रासाची आहे. आशाताईच्या तोंडी ही माहिती दिली तर ती कुणालाही पटेल. बहुतेकांना काही होत नाही, शंभरातल्या थोड्यांचं दुखणं लांबतं, लांबलं तर त्यावर इलाज आहे आणि तो आम्ही करू. एवढं वाक्य शेतमजुराला कळतं. त्याच्या बैलाला इंजेक्शन देतानाही जनावरांचा डॉक्टर यापेक्षा जास्त सांगतो.

हे का दुखतं? नसबंदीनंतरही वृषणांत शुक्राणू तयार होतच राहतात, फक्त वाट बंद झालेली असते. कालव्याचं दार लावलं आणि वरून पाणी येतच राहिलं तर पाणी मागे तुंबतं, तसा वृषणामागच्या अधिवृषण नावाच्या नळीत दाब वाढतो. बहुतेकांच्या शरीरात हे शुक्राणू जिरतात. काहींच्या जिरत नाहीत, तिथे सूज राहते. काहींच्या कापलेल्या टोकाशी शुक्राणू झिरपून एक लहान गाठ होते, दाबली की कळ येते. काहींची बारीक नस जखमेच्या व्रणात अडकते. त्यांचं दुखणं वेगळं, आग होणारं, करंट लागल्यासारखं, मांडीकडे किंवा पोटात चढणारं. आणि कधी नसबंदीचा संबंधच नसतो. हर्निया असतो, फुगलेल्या शिरा असतात, मूतखडा असतो, कंबरेतली नस दबलेली असते. विदर्भात हत्तीरोग अजून पुरता हटलेला नाही. त्याच्या कृमींनीही अंडकोश सुजतो आणि दुखतो. म्हणून हाताने तपासल्याशिवाय, लघवी आणि सोनोग्राफी पाहिल्याशिवाय याला नाव देता येत नाही.

प्रत्यक्षात होतं ते असं. माणूस दवाखान्यात जातो आणि खालच्या जागेबद्दल बोलायला संकोचतो. कंबर दुखते म्हणून सांगतो. त्याला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मिळतं, दोन दिवस बरं वाटतं. पुढच्या वेळी तो खरं सांगतो तेव्हा अँटिबायोटिक मिळतं, मग दुसरं अँटिबायोटिक. जंतुसंसर्गाची खूण नसेल तर त्याचा काही उपयोग नसतो. शेवटी त्याला सांगितलं जातं, हे मनाचं आहे. मग तो मेडिकलमधून रोज एक वेदनाशामक गोळी घेऊ लागतो. उन्हात राबणारा, दिवसभर पुरेसं पाणी न पिणारा माणूस महिनोन्‌महिने अशी गोळी घेतो तेव्हा त्याचं पोट आणि मूत्रपिंड दोन्ही धोक्यात येतात. मला या साऱ्यात सर्वांत जास्त टोचतं ते ‘मनाचं आहे’ हे वाक्य. आपलं दुखणं कुणाला खरंच वाटत नाही, हे ऐकून आलेला पुरुष पुढे कुणालाच सांगत नाही. बायकोला सांगत नाही, पोडावर सांगत नाही. किंवा सगळ्यांना सांगतो, आणि पुढची दहा वर्षं त्या वस्तीत एकही पुरुष ऑपरेशनला उभा राहत नाही.

इलाज आहेत आणि ते पायरीपायरीने करायचे असतात. पहिल्या काही आठवड्यांत आराम, घट्ट लंगोट किंवा आधार देणारी सस्पेन्सरी, शेक, आणि ठरावीक दिवसांपुरतं सूज उतरवणारं औषध. एवढ्याने बऱ्याच जणांचं भागतं. नाही भागलं तर नसांच्या दुखण्यावरची औषधं असतात; अॅमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनसारखी. ती रोज घ्यावी लागतात, गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला झोप येते. हे सांगितलं नाही तर माणूस चौथ्या दिवशी गोळी सोडतो. ओटीपोटाखालचे स्नायू आखडले असतील तर फिजिओथेरपीने फरक पडतो. त्याही पुढे, वृषणाला धरून असलेल्या दोरीसारख्या भागात बधिर करणारं इंजेक्शन देऊन पाहतात. त्याने काही तासांपुरती का होईना वेदना थांबली, तर ती तिथल्या नसांतून येते हे कळतं. अशा निवडक रुग्णांत सूक्ष्मदर्शकाखाली त्या बारीक नसा कापण्याची शस्त्रक्रिया बहुतेकांना आराम देते. दाब तुंबल्यामुळे दुखत असेल तर शुक्रवाहिनी पुन्हा जोडतात. त्यात मूल होण्याची शक्यता परत येते, म्हणून नवरा-बायको दोघांशी बोलूनच ते ठरवावं लागतं. अधिवृषण काढणं, आणि अगदीच शेवटी वृषण काढणं, हेही पुस्तकात आहे. तिथवर जाण्याची वेळ फार थोड्यांवर येते.

यातल्या पहिल्या तीन पायऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतात. गोळ्या स्वस्त आहेत. लागतं ते डॉक्टरला ठाऊक असणं आणि पंधरा मिनिटांचं बोलणं. पुढच्या पायऱ्यांसाठी झरीच्या माणसाला पांढरकवडा ओलांडून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, नाहीतर सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरला जावं लागतं. सीमेकडच्या गावांना पैनगंगेपलीकडचं आदिलाबादच जवळ पडतं. नसबंदीसाठी सरकार पुरुषाला १,४५१ रुपये देत आलं आहे. सोबतीला एक माणूस घेऊन, दोन दिवसांची मजुरी बुडवून नागपूरच्या दोन फेऱ्या केल्या की ते संपतात.

आता नुकसानभरपाईकडे या. रमाकांत राय यांनी नसबंदीबाबत केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आदेश दिले, त्यानंतर नसबंदीत मृत्यू, अपयश किंवा गुंतागुंत झाल्यास भरपाई देणारी सरकारी योजना आली. ती गरजेची होती. तिच्यात गुंतागुंतीच्या उपचारांचा खर्च मिळतो तो दवाखान्यातून सुटी झाल्यापासून ६० दिवसांपर्यंतचा. जुनाट वेदना कशाला म्हणायचं, तर तीन महिने टिकली तर. दोन महिन्यांनी दार बंद होतं आणि आजाराला नाव मिळतं तिसऱ्या महिन्यानंतर. म्हणजे ज्याचं दुखणं सर्वांत लांबलं तोच व्याख्येने बाहेर राहिला. ही तरतूद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जंतुसंसर्ग, रक्तस्राव असे लगेच दिसणारे त्रास होते, हे मी समजू शकतो. पण ती तशीच ठेवण्याला आता कारण उरलेलं नाही. नसबंदीनंतरच्या वेदनेसाठी ही मुदत निदान दोन वर्षांची करावी, आणि प्रवास व बुडालेली मजुरी तिच्यात धरावी.

हे उघड बोललं तर पुरुष घाबरतील, आधीच कोण येतं, असं आरोग्य खात्यातली मंडळी म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायकांनी नसबंदी केलेली होती आणि पुरुष नसबंदी होती ०.३ टक्के. पण ही परिस्थिती खरं बोलल्यामुळे आलेली नाही. आणीबाणीच्या १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यात सुमारे तीन चतुर्थांश पुरुष होते. सक्तीच्या नसबंदीचा कायदा विधिमंडळात मंजूर करणारं पहिलं राज्य आपलं महाराष्ट्र. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो लागू झाला नाही एवढंच. त्या वर्षी लोकांना काही सांगितलं नाही, काही विचारलं नाही. त्याची किंमत तेव्हापासून बायका मोजत आहेत. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात नसबंदी शिबिरांनंतर १३ जणी गेल्या, तेव्हा ती किंमत सगळ्या देशाने पाहिली.

न विचारल्याने आजार कसा लपतो, याचा पुरावा विदर्भातच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांना तपासलं आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं: ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या बायका गप्प होत्या, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुरुषाच्या जांघेतल्या दुखण्याची गत आज तशीच आहे.

आणि विचारायची वेळ तर ठरलेलीच आहे. नसबंदी लगेच लागू होत नाही. तीन महिन्यांनी वीर्य तपासून त्यात शुक्राणू नाहीत हे पाहायचं, मगच प्रमाणपत्र द्यायचं, असा नियम आहे. म्हणजे ज्या महिन्यात वेदना जुनाट ठरते त्याच महिन्यात तो माणूस दवाखान्यात यायला हवा. त्याच्या कार्डावर एक ओळ छापावी: दुखतं का, कुठे, कामात अडथळा येतो का. होय म्हणणाऱ्याला त्याच दिवशी तपासावं, वहीत नोंद करावी आणि महिन्याभरात पुन्हा बोलवावं. आज अनेक जण या तपासणीला येतच नाहीत. इलाज होतो हे कळलं तर येतील. झरी जामणीसारख्या तालुक्यात वर्षाकाठी होणाऱ्या पुरुष नसबंद्या एका सिस्टरला नावानिशी लक्षात ठेवता येतील इतक्या थोड्या असतात, तेव्हा ही सुरुवात इथूनच करायला काय हरकत आहे? पंधरवड्याच्या तारखाही कापसाचा हंगाम पाहून जिल्ह्याने मागेपुढे कराव्यात. ऑपरेशननंतर आठवडाभर सायकल आणि ओझं नको, असं सांगायचं आणि गाठोडी उचलायच्या दिवसांतच त्याला टेबलावर घ्यायचं, हे बरोबर नाही.

ज्यांचं ऑपरेशन आधीच झालं आहे आणि दुखणं चालू आहे, त्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन पहिल्याच वाक्यात सांगावं: माझी नसबंदी झाली आहे, तेव्हापासून इथे दुखतं. कधी दुखतं, कशाने वाढतं, आतापर्यंत कोणत्या गोळ्या घेतल्या हे सांगावं. गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. अचानक एका बाजूला असह्य कळ आली, सूज चढली, ताप आला तर थांबू नये, त्याच दिवशी जावं. यवतमाळला पाठवत असतील तर लेखी चिठ्ठी मागून घ्यावी. कार्ड हरवलं असलं तरी जावं. ऑपरेशन जिथे झालं तिथल्या रजिस्टरात त्याची नोंद असते.