विश्लेषण : जुनी गाडी घाटात ‘मिसिंग’ मारते, गॅरेजमध्ये मात्र ठणठणीत, असे का?

घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये गाडी हिसके देते, पिकअप घेत नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली की तेच इंजिन सुतासारखे सरळ चालते. मग अंदाजाने आधी प्लग बदलले जातात, नंतर कॉइल, नंतर इंधन पंप. बिल वाढते, मिसिंग तसेच राहते. दहा-बारा वर्षे जुन्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांची ही नेहमीची रड. यात पैसे वाया जातात, ते दोष चुकीच्या वेळी शोधला जातो म्हणून.

मिसिंग म्हणजे नेमके काय?

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा इंधन पेटावे लागते. ठिणगी हुकली, इंधन-हवेचे प्रमाण बिघडले किंवा सिलिंडरमधला दाब गळाला, की इंजिन लंगडते.

उभ्या गाडीत दोष का दिसत नाही?

प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला हजारो व्होल्ट लागतात आणि सिलिंडरमधला दाब वाढला की त्याहून जास्त. उभ्या गाडीत हा दाब कमी असतो, त्यामुळे कमजोर कॉइलही वेळ मारून नेते. घाटात ॲक्सिलरेटर दाबला की तिचे पितळ उघडे पडते. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागते. म्हणून ‘सीएनजीवर मिसिंग, पेट्रोलवर ठीक’ असे असेल, तर किटला दोष देण्याआधी प्लग आणि कॉइल तपासावेत.

म्हणूनच मालकाने केलेली नोंद मोलाची. मिसिंग फक्त पावसात येते? प्लगच्या वायरीला किंवा कॉइलच्या रबराला तडा गेला असावा. ओलाव्यातून वीज इंजिनच्या धातूकडे पळते. अंधारात बॉनेट उघडून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला तर ही गळती कधी कधी डोळ्यांना दिसते. अर्ध्या तासाने, इंजिन तापल्यावर येते? तापून दगा देणारी कॉइल किंवा सेन्सर. फक्त सिग्नलला उभे असताना? हवा खेचणारी फुटकी नळी. सकाळी पहिली काही मिनिटेच लंगडते आणि कूलंटही कमी होत जाते? मग हेड गॅस्केटकडे पाहावे लागेल, आणि तो खर्च मोठा.

स्कॅनर काय सांगतो?

पी ०३०२ हा कोड म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पी ०३०० म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, तापमान आणि इंजिनवरचा भारही बहुतेकदा साठवलेला असतो. अनेक ठिकाणी मात्र पहिले काम होते ते बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याचे. ही दुरुस्ती नव्हे, पुरावा पुसणे आहे.

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर सर्वात स्वस्त चाचणी म्हणजे अदलाबदल. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावून त्याच घाटात गाडी न्यावी. कोड पी ०३०३ झाला तर कॉइलच दोषी. नाही झाला तर प्लग, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन चाचणी. एकही नवा भाग न घेता इथवर पोहोचता येते. चालू इंजिनमधून एकेक वायर उपसून पाहण्याची जुनी पद्धत कार्ब्युरेटरवाल्या पद्मिनीच्या काळात खपून गेली. आता त्यात शॉक बसण्याचा आणि कॉइल जळण्याचाही धोका आहे.

चालढकल का महागात पडते?

न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्याची आतली जाळी वितळू शकते. कन्व्हर्टर कॉइलपेक्षा कितीतरी महाग. ओव्हरटेक करताना ताकद गेली तर प्रश्न पैशांपुरताही राहत नाही. चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येते. लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडून गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी आणि टो करून न्यावी.