ताईच्या घरी रायफल

भाऊबीजेला बहिणीकडे जाताना भावाचे पाकीट जड असावे आणि मन हलके, असा शिरस्ता आहे. यंदा माझे नेमके उलटे झाले. मार्व्याला तरीत बसलो आणि मनोरीचा किनारा जवळ येऊ लागला, तशी छाती धडधडू लागली. ताईच्या घरी नवी रायफल आली होती, आणि तिच्या मते त्या पापाचा धनी मी होतो.

तिचेही चुकत नव्हते. कॉलेजात मी समास शिकवतो, तशीच एन. सी. सी.ही पाहतो. माझी भाची आमच्याच कॉलेजात होती. घरी मामा म्हणायची, मैदानावर सर. एका शिबिरात मीच तिच्या हाती पॉइंट टू टूची रायफल दिली. त्या दिवशी माझ्या पाचांपैकी दोन गोळ्या शेजाऱ्याच्या निशाणावर गेल्या होत्या. हिच्या पाचही दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकल्या. मी टाळ्या वाजवल्या आणि विसरलो. ती विसरली नाही.

मग रेंज आली, स्पर्धा आल्या, परवान्याचा अर्ज आला. चौकशीला पोलीस दारात उभा राहिला, तेव्हा ताईने मला फोनवर ऐकवले, “सात पिढ्यांत दारात पोलीस आला नव्हता हो आपल्या!” आणि शेवटी भावोजींनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडली. तेव्हापासून ताईचा फोन बंद झाला.

ओवाळतानाही ती निरांजनाच्या पलीकडून माझ्याकडे आरोपीकडे पाहावे तशी पाहत होती. फराळ झाला आणि भाची पेटी घेऊन आली.

खरे सांगतो, मी निराश झालो. बंदूक म्हटली की शिकाऱ्याच्या खांद्यावरची ऐटबाज वस्तू डोळ्यांपुढे येते. हे धूड सायकलवाल्याच्या दुकानातले वाटले. जिकडेतिकडे स्क्रू! गालाची पट्टी वर-खाली होते, खांद्याचा आधार मागे-पुढे. शिंप्याने अंगावर कपडा बेतावा तशी ही रायफल अंगावर बेतायची. उचलली तर सहा किलोंच्या घरात, आमच्या एन. सी. सी.च्या रायफलीच्या दुप्पट. “जड आहे म्हणूनच हलत नाही, मामा,” भाची म्हणाली.

बोल्ट मात्र पाहताक्षणी आवडला. आपल्या दाराची कडीच ती. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, एक काडतूस हाताने ठेवायचे, दांडी पुढे लोटून खाली दाबायची. गोळी उडाली की पुन्हा तेच. घाईला जागाच नाही. काडतूस करंगळीच्या दोन पेरांपेक्षाही लहान. ठिणगीची दारू त्याच्या बुडाच्या कडेत भरलेली असते आणि पिन त्या कडेवरच आपटते. म्हणून नाव रिमफायर. नळी मोकळी ठेवून चाप ओढला तर पिन पोलादावर आपटायची. म्हणून घरी सराव करताना ती आत एक वापरलेले, रिकामे काडतूस ठेवते आणि भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरते. मनोरीत खरी गोळी कधीच उडायची नाही. अडीच ग्रॅमची ती गोळी मैलभर जाऊ शकते. परवाना मिळाला म्हणून अंगणातले नारळ पाडता येत नाहीत!

“पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं,” ती म्हणाली.

“म्हणजे शर्टाचं बटण,” भावोजींनी भाषांतर केले.

“बटणाला मारायला एवढा खर्च?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

मी वकिली सुरू केली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकला याच जातीच्या रायफलीने जगज्जेतेपद मिळवले. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक घेतले. आणि तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता.

“त्यांची पदकं सांगतोस. पदक न मिळालेल्या पोरींची नावं आहेत का तुझ्याकडे?”

मी गप्प झालो. वर्गात असा प्रश्न आला की मी घड्याळाकडे पाहतो. इथे घड्याळही नव्हते.

भाची काही बोलली नाही. तिने रायफल खांद्याला लावली. श्वास घेतला, अर्धा सोडला आणि थांबली. घरात एका जागी दोन मिनिटे न बसणारी ही मुलगी! बाहेर वाळणाऱ्या बोंबलांवर कावळे भांडत होते; तिची पापणी हलली नाही. ‘टक्’ एवढाच आवाज झाला. मी मागे पाहिले, तर ताई उंबऱ्यात उभी होती. तिने मुलीला असे कधी पाहिले नसावे.

ती पुढे आली, नळीवरून बोट फिरवले आणि बोट उजेडात धरून पाहिले.

“खारी हवा आहे इथली. माझी विळी आठवड्यात गंजते. याला तेल कोण लावतं?”

“मी लावते रोज. पुसायला मऊ कापडाच्या पट्ट्या लागतात, त्या विकत आणते.”

“विकत?” ताई कडाडली आणि आत गेली. परत आली ती एक सुती जुनेर घेऊन. खाली बसून टराटरा पट्ट्या फाडू लागली.

“नुसता पाहत काय बसलास?” मला म्हणाली. “ते टोक धर.”

मी टोक धरले.