घरचे प्रयोग व घरचे ओझे

मे महिन्याची सुट्टी संपली म्हणजे वर्गावर्गांतून ‘मी सुट्टी कशी घालविली’ या विषयावर निबंध लिहवून घेण्याची जुनी वहिवाट आहे. असे निबंध वाचावयाचा योग आम्हांस पुष्कळदा आला आहे. त्यांत मामाच्या गावचा बाजार असतो, समुद्रकिनारा असतो, लग्नाची पंगत असते. परंतु ज्या मुलांची घरे डोंगराच्या कुशीत, विजेच्या तारेपलीकडे आहेत, त्यांच्या निबंधांत ते घर बहुधा नसते. चूल, हंडा, कंदील व गोठा यांविषयी लिहिण्याजोगे काही आहे असे त्या मुलांस वाटत नाही. किंबहुना त्यांविषयी लिहिण्याची त्यांस लाज वाटते. ही लाज अनाठायी आहे, व असे घर म्हणजे पदार्थविज्ञानाची एक उत्तम प्रयोगशाळा आहे, असे आमचे मत आहे. मात्र त्या प्रयोगशाळेत कोणता प्रयोग आधी करावा, याविषयी आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. तेच या लेखात मांडावयाचे आहे.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका घरी पंधरा दिवस राहण्याचा प्रसंग आम्हांस आला. घर आमच्या आप्तांचे, कोकणात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. मोटारीचा रस्ता संपल्यावर पाऊण तास चढण चढावी तेव्हा ते दृष्टीस पडते. वाडीपर्यंत तार आलेली आहे, पण वाडीपासून दूर असलेल्या या एकट्या घरापर्यंत ती पोहोचलेली नाही. कौलांवर पाटाएवढे एक सौर पॅनेल आहे; त्यावर रात्री दोन दिवे लागतात, व आभाळ भरून आले म्हणजे तेही लागत नाहीत. गॅसचे सिलिंडर आहे. परंतु ते रस्त्यापासून डोक्यावरून आणावे लागत असल्यामुळे पाहुण्याच्या चहाखेरीज त्याला कोणी हात लावीत नाही. रोजचा स्वयंपाक चुलीवर. पाणी खालच्या झऱ्याचे, हंडा-कळशीने वर आणलेले.

या घरातील मुलगा नववीत शिकतो. तो बुद्धीने तल्लख व हाताने कसबी आहे. त्याने जुन्या सायकलचा डायनॅमो घेऊन, पत्र्याची पाती कापून एक पवनचक्की केली होती, व ती परसातील उंच बांबूवर चढविली होती. वारा जोराचा सुटला की तिच्याखालचा लहानसा दिवा मिणमिणत असे. आम्ही त्याची पाठ थोपटली. इतक्यात झऱ्यावरून तिसरी खेप घेऊन आलेली त्याची आई ओट्यावर टेकली, आणि आत चुलीपाशी फुंकणी हातात घेऊन बसलेली आजी डोळे पुशीत म्हणाली, “दिवा लागला, बरं झालं बाळा. पण चूल कोण फुंकणार?”

आजीच्या बोलण्यात रागाचा लेशही नव्हता. परंतु आम्ही दोघेही वरमलो. मुलाने जो प्रयोग केला होता तो चातुर्याचा होता, यात शंका नाही. तथापि त्या घरात सर्वांत अधिक दमणाऱ्या दोन माणसांचे ओझे त्याने तसूभरही हलके झाले नव्हते. त्या दिवसापासून आमच्या मनात एक कसोटी निश्चित झाली. घरी प्रयोग करू इच्छिणाऱ्याने प्रथम हे पाहावे की, या घरात सर्वांत जास्त कोण दमते. त्या माणसाच्या कामापासून प्रयोगास आरंभ करावा.

मुलाने दुसऱ्याच दिवशी आरंभ केला. कोकणातला उकडा तांदूळ शिजावयास वेळ लागतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु भाताला उकळी आल्यानंतर पुढे जे सर्पण जळते, त्यातील बराच भाग केवळ टोपातून बाहेर निसटणारी उष्णता भरून काढण्यात खर्ची पडतो. ती निसटू दिली नाही, तर भात आपल्याच उष्णतेने शिजावयास हवा. म्हणून त्याने एका मोठ्या हाऱ्यात भाताचा पेंढा दाबून बसविला, मध्ये टोपापुरती जागा ठेवली, आणि थोडा वेळ रटरटलेला टोप झाकणासह त्यात ठेवून वरून जुनी गोधडी घातली. पहिल्या दिवशी भात कणीदार राहिला व कोंबड्यांस घालावा लागला. आईने दोन शब्द ऐकविले ते निराळेच. झाकण सैल होते व पेंढ्यात पोकळी राहिली होती, हे त्याच्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी पोकळी बुजविली, टोप चुलीवर आणखी थोडा वेळ ठेवला, आणि तासाभराने भात उत्तम शिजून निघाला. मग त्याने तीन दिवस जुन्या रीतीने व तीन दिवस नव्या रीतीने स्वयंपाक करवून, प्रत्येक वेळची लाकडे ताणकाट्यावर तोलून वहीत मांडली. नव्या रीतीच्या तिन्ही दिवशी लाकडे कमी लागली होती. आजीला वहीशी काही कर्तव्य नव्हते. टोप हाऱ्यात गेल्यावर ती धुरातून उठून ओट्यावर येऊन बसू लागली, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. (एक सूचना: असे अन्न ऊन असतानाच खावे, ते कोमट होऊन तासन् तास राहिले, तर त्यात जंतू वाढतात.)

धुराची गोष्ट क्षुल्लक आहे असे कोणी समजू नये. घरातील चुलींच्या व इंधनांच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष माणसे मृत्यू पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्या मुलाने आपल्या आजीस दिवसाकाठी एक तास धुरातून सोडविले, त्याने लहान काम केले असे आम्ही म्हणणार नाही.

कोणी म्हणेल की, पेंढ्याचा हारा हा काय प्रयोग? आपल्या आज्या-पणज्या असल्या शंभर युक्त्या जाणत होत्या. होय, जाणत होत्या. परंतु युक्तीचे शास्त्र होते ते मोजल्याने. पाणी वस्त्रगाळ करून पिण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. बांगलादेशातील मतलब या भागात रिटा कॉलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच चालीची परीक्षा घेतली. पटकीचा जंतू इतका सूक्ष्म असतो की, तो लुगड्याच्या छिद्रातून सहज जाईल. परंतु पाण्यात तो बहुधा त्याहून पुष्कळ मोठ्या अशा तरंगत्या जीवांस चिकटून असतो, व ते जीव कापडात अडकतात. जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून त्यातून पाणी गाळावयास तेथील बायकांस शिकविण्यात आले. खेडोखेडी मोजदाद झाली, आणि पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. धुऊन धुऊन विरलेली जुनी साडी नव्या साडीपेक्षा सरस ठरली, कारण तिच्या सुतास लव सुटून छिद्रे बारीक होतात. गाळलेले पाणी उकळण्याची गरज यामुळे नाहीशी होते असे नव्हे. परंतु जेथे उकळावयास सर्पणच नाही, तेथे आईच्या जुन्या साडीने जीव वाचतात, हे आता मोजून ठरले आहे.

याच्या उलट, ज्याच्यासाठी प्रयोग करावयाचा त्याचा दिवस कसा जातो हे पाहिले नाही, तर चांगली कल्पनाही मागे राहते. मुंबईत विल्यम ॲडम्स या गृहस्थांनी आरशांच्या साहाय्याने सूर्याच्या उष्णतेवर सात शिपायांचे अन्न दोन तासांत शिजवून दाखविले, आणि १८७८ साली या विषयावर मुंबईतच पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हापासून आजवर सूर्यचूल घरोघर का गेली नाही? आमच्या मते एक कारण असे की, सूर्य दुपारी तापतो, आणि शेतावर जाणाऱ्या घराचा स्वयंपाक पहाटे व सांजवेळी होतो. शिवाय सूर्याप्रमाणे चूल फिरवीत उन्हात उभे कोणी राहावे? ज्या बाईस धुरातून सोडवावयाचे, तिलाच उन्हात उभे केले असे होते.

गोबर गॅसचेही तसेच. ही योजना फार चांगली आहे. पण खड्डा खणण्यापूर्वी त्रैराशिक मांडावे. सुमारे २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो. मध्यम जनावर दिवसाला सुमारे १० किलो शेण देते. गोठ्यात दोन जनावरे असली तर एक घनमीटरही भरत नाही, आणि पाच माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक तेवढ्यात होणे कठीण. शेणाइतकेच पाणी रोज त्यात कालवावे लागते. ज्या घरी झरा डोंगराखाली आहे, तेथे हे पाणी कोण वाहील? तीच आई! तेव्हा अशा घरात प्रश्न आधी पाण्याचा सोडविला पाहिजे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. पन्नास चौरस मीटर छपरावर कोकणातला २५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सव्वा लक्ष लिटर. पाच माणसांस पिण्यास व स्वयंपाकास रोज ४० लिटर धरले, तरी पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांस दहा हजार लिटरांच्या आतच लागतात. पन्हळ लावून, पहिल्या पावसाचे मळके पाणी सोडून देऊन, उरलेले झाकलेल्या टाकीत साठवावे. टाकीस पैसा लागतो, हे खरे. परंतु हा हिशेब सातवीतल्या मुलालाही करता येतो, आणि तो बापापुढे मांडल्यावाचून टाकीचा विचारही घरात निघत नाही.

कोकणच्या मुलांस या बाबतीत गुरू दूर शोधावा लागत नाही. अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवली येथील गोपुरी आश्रमात अनेक ग्रामोपयोगी प्रयोग केले. त्यांनी शौचकूपाच्या सुधारणेस हात घातला, कारण मैला वाहण्याचे काम समाजातील सर्वांत खालच्या मानलेल्या माणसाच्या डोक्यावर होते. रत्नागिरीच्या तुरुंगात ते काम स्वतः करावयास मिळावे म्हणून त्यांनी १९३२ साली उपोषण केले होते. ज्याचे ओझे हलके करावयाचे ते आधी स्वतः उचलून पाहावे, हा धडा त्यांच्या चरित्रात आहे.

आता पालकांचा एक आक्षेप आम्हांस ऐकू येतो. “आमच्या मुलांनी या कष्टांतून बाहेर पडावे म्हणून आम्ही त्यांस शाळेत घातले, तुम्ही त्यांस पुन्हा चुलीपाशी काय बसविता?” पालकहो, आपले म्हणणे रास्त आहे. अंधारात राहण्यात काही पुण्य आहे, असे आम्ही मानीत नाही. त्या घरी तार गेलीच पाहिजे, रस्ता झालाच पाहिजे, आणि त्यासाठी अर्ज लिहिण्याचे कामही शिकलेल्या मुलानेच केले पाहिजे. परंतु तार येईतोवर आजीचे डोळे थांबणार नाहीत. शिवाय दमलेल्या माणसाकडे पाहणे, कारण शोधणे, मोजणे, चुकणे व पुन्हा करून पाहणे ही सवय ज्यास घरी लागली, तो पुढे इंजिनियर होवो, परिचारिका होवो वा शेतकरी होवो, त्याचे शिक्षण फुकट जाणार नाही. धन्याने दिलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आपण उपासनेच्या वेळी ऐकतो. शाळेत मिळालेले ज्ञान परीक्षेच्या कागदात पुरून ठेवणारा विद्यार्थी त्याहून फारसा निराळा नाही.

म्हणून विद्यार्थी बंधुभगिनींस आमची एक विनंती आहे. येत्या सुट्टीत दोन दिवस काही न करता केवळ पाहा: पाणी कोण आणते, किती खेपा होतात, चुलीपाशी कोण किती वेळ बसते. ते वहीत लिहा. मग त्या माणसाबरोबर ते काम एक दिवस स्वतः करा. त्यानंतर एकच लहानसा प्रयोग हाती घ्या, आणि फसला तर फसल्याचेही लिहा. कच्चा भात कोंबड्यांस घातला हेसुद्धा लिहा. शाळेच्या चालकांसही आम्ही सुचवितो की, वार्षिक प्रदर्शनात चकाकणाऱ्या प्रतिकृतींच्या शेजारी एक मेज अशा वह्यांकरिता ठेवावे.

जाता जाता त्या मुलाच्या पवनचक्कीविषयी. ती अद्याप बांबूवर आहे, व आम्हांस ती आवडते. आम्ही निघालो त्या दिवशी मात्र तो कौलांच्या कडेला दोरी धरून छपराची लांबी मोजीत होता, आणि त्याची आई खालून दोरीचे दुसरे टोक धरून उभी होती.