गाझाची मदत : माल नको, रक्कम द्या

व्यापारी बंधूंनो, गाझातील मुलांसाठी जुन्या कपड्यांच्या गाठी बांधण्याची भावना नेक आहे. परंतु माल रवाना होणे वेगळे आणि पोहोचणे वेगळे, हे आपल्या धंद्यात कोणाला सांगावे लागत नाही.

युद्धापूर्वी गाझात रोज सुमारे ५०० ट्रक माल जात असे. २ मार्च २०२५ पासून इस्रायलने सुमारे अकरा आठवडे सर्व मदत रोखली. पीठ, औषधे सीमेपलीकडे पडून राहिली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहर व परिसरात दुष्काळ जाहीर झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धबंदी झाली, तरी गरज संपलेली नाही.

अशा ठिकाणी आपल्या गाठींचे भाडे व गोदामभाडेच त्यांच्या किमतीहून जास्त होईल. रक्कम मात्र कामी येते. युनिसेफने तेथील कुटुंबांना मोबाइलवरून थेट पैसे दिले आहेत. आई स्वतः ठरवते, आज पीठ घ्यायचे की दूध.

म्हणून जकात-सदक्याची रक्कम अनोळखी वसुलीवाल्याच्या हाती रोख देऊ नका. नामांकित संस्थेला बँकेमार्फत द्या, पावती घ्या.

आणखी एक काम आहे. निर्वासितांसाठी १९५० पासून राबणाऱ्या 'उनर्वा'ला भारत सरकारने २०२४-२५ मध्ये ५० लाख डॉलर दिले. सीमेची फाटके खुली राहावीत म्हणूनही सरकारने जोर लावावा, असे पत्र प्रत्येक व्यापारी संघटनेने दिल्लीला पाठवावे. फाटक बंद असेल तर आपली पावती कोणा मुलाचे पोट भरणार नाही.